राख दिसते, गंधक दिसत नाही

परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की तो राखेपाशी येऊन थांबतो. रस्त्यावर सांडणारी राख, तळ्यात साठणारी राख, ती उचलण्यावरून होणारे वाद हे सगळे बीड जिल्ह्याला पाठ आहे. राख डोळ्यांना दिसते, कपड्यांवर बसते, म्हणून तिच्याबद्दल बोलले जाते. त्याच चिमणीतून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू मात्र दिसत नाही. या वायूबाबत केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाने ११ जुलै २०२५ रोजी एक मोठा निर्णय घेतला. देशातील कोळशावर चालणाऱ्या सुमारे ७८ टक्के वीज संचांना या वायूची मर्यादा पाळण्यातून सूट मिळाली. अट एकच, चिमणी ठरवून दिलेल्या उंचीची असावी.

उंच चिमणी वायूचे काय करते, हा या निर्णयातला कळीचा प्रश्न आहे. तो फक्त परळीकरांचा नाही. गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गाव परळीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, पश्चिमेला आहे. तिथे परळीची राख पोचत नाही. राखेचे मोठे कण वाटेतच खाली बसतात. वायू आणि त्यापासून तयार होणारे अतिसूक्ष्म कण मात्र एवढे अंतर सहज कापू शकतात. हा गंधक कोळशात कुठून येतो, आगीत त्याचे काय होते आणि पुढे तो कुठे जातो, हे समजून घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल ठरवता येत नाही.

कोळशातला चमकता दाणा

बीड जिल्हा काळ्या बेसाल्टवर वसला आहे. इथे कोळसा नाही, तो बाहेरून रेल्वेने येतो. कोळशाचा मोठा खडा फोडून उन्हात धरला तर कधीकधी त्यात पितळी रंगाचे चमकदार ठिपके दिसतात. हे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज. वजनाने पाहिले तर त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, गंधकच असतो. धातू आणि गंधक यांच्या अशा खनिजांना सल्फाइड खनिजे म्हणतात. आयुर्वेदातील सुवर्णमाक्षिक हे याच घराण्यातले, त्यात लोहाबरोबर तांबेही असते. त्याचे शोधन करताना ते लोखंडी कढईत लाल होईपर्यंत भाजतात. तो लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि भाजताना नाकाला झोंबणारा वास गंधकाच्या धुराचा. वीज केंद्राच्या भट्टीत जे घडते ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने याहून वेगळे नाही. फरक आहे तो प्रमाणाचा.

कोळशातला सगळा गंधक पायराइटमध्ये नसतो. त्याचा एक भाग कोळशाच्या सेंद्रिय रेणूंतच गुंफलेला असतो. पायराइटचे दाणे जड असल्याने कोळसा धुतला की त्यातले मोठे दाणे वेगळे काढता येतात. बारीक दाणे आणि सेंद्रिय गंधक मात्र धुण्याने जात नाहीत. जळताना दोन्हींमधून निघणारा वायू एकच असतो.

तापल्यावर काय होते?

पायराइट हवेत तापवले तर सुरुवातीला काही घडल्यासारखे वाटत नाही. तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पृष्ठभागावरचा गंधक ऑक्सिजनशी वेगाने संयोग पावू लागतो. नेमके किती अंशांवर दाणा पेट घेईल हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. दाणा जितका बारीक, तितका हवेशी संपर्क जास्त आणि पेट लवकर. पिठासारखी बारीक पूड खड्याच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला पेटते.

दाण्याच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, तिथे वेगळीच क्रिया चालते. तापमान साधारण ५०० ते ६०० अंशांवर गेले की पायराइट फुटू लागते. त्यातला जवळपास निम्मा गंधक वाफ होऊन बाहेर पडतो आणि दाण्याभोवतीच जळतो. मागे उरते कमी गंधकाचे, छिद्राछिद्रांचे पिरोटाइट नावाचे खनिज. या छिद्रांतून हवा आत शिरते आणि उरलेला गंधकही जळतो. शेवटी हाती राहते ते लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गंजासारखी लालसर पूड. हवा कमी आणि तापमान मध्यम असेल तर काही भाग लोहाचे सल्फेट होऊन अडकून राहतो, पण आणखी तापवले की तेही आपला गंधक वायुरूपाने सोडून देते.

हिशेब असा आहे. एक किलो पायराइट पूर्ण जळले तर सुमारे ६७० ग्रॅम लोहाचे ऑक्साइड उरते आणि एक किलोहून थोडा जास्त सल्फर डायऑक्साइड तयार होतो. जळताना हवेतला ऑक्सिजन मिसळल्याने वायूचे वजन मूळ खड्यालाही मागे टाकते. या क्रियेत उष्णताही भरपूर निघते, किलोमागे अंदाजे १६५० किलोकॅलरी. म्हणूनच ही आग एकदा लागली की ती स्वतःच स्वतःला पोसते.

वीज केंद्रात कोळसा दळून पावडर करतात आणि ती हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. दळण्याच्या मिलमध्ये पायराइटचे जाड, कठीण दाणे दळले न जाता बाजूला फेकले जातात. ते ज्या कप्प्यात जमा होतात त्याला कामगार पायराइट हॉपरच म्हणतात. तो वेळेवर रिकामा केला नाही तर तिथेच आग लागण्याचा धोका असतो. जे बारीक दाणे भट्टीत जातात, ते हजार अंशांहून कितीतरी जास्त तापमानात काही सेकंदांत जळतात. त्यांतले लोह वितळून बॉयलरच्या नळ्यांवर चिकटते आणि क्लिंकर तयार व्हायला मदत करते. लोह राखेत उतरते. गंधकाचा थोडासाच अंश राखेत राहतो, बाकीचा चिमणीतून वर जातो.

काडी न लावता पेटणारा ढीग

या खनिजांना पेटण्यासाठी प्रत्येक वेळी भट्टी लागतेच असे नाही. ओलावा आणि हवा मिळाली की पायराइटचे साध्या तापमानालाही सावकाश ऑक्सिडेशन सुरू होते. त्यातून लोहाचे सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होते, उष्णता बाहेर पडते. नवे पदार्थ जास्त जागा घेत असल्याने कोळशाचा खडा आतून तडकतो आणि कोळशाचा नवा पृष्ठभाग हवेसमोर येतो. कोळसा स्वतःही हवेतला ऑक्सिजन शोषून तापत असतो, आणि ढीग आपोआप पेटण्यामागचे मुख्य कारण तेच असते. पायराइट त्याला हातभार लावते. ढिगाच्या पोटात अडकलेली उष्णता बाहेर निघाली नाही तर काडी न लावताही धूर निघू लागतो. झारखंडमधील झरियाच्या कोळसा क्षेत्रातील आगी शंभर वर्षांहून जास्त काळ धुमसत आहेत. कोळशाचे ढीग दाबून बसवणे, जुना माल आधी वापरणे, ढिगाचे तापमान मोजत राहणे ही वीज केंद्रांची रोजची कामे यासाठीच असतात.

पकडला तर माल, सोडला तर धूर

सल्फाइड खनिजे भाजणे हा एक जुना आणि मोठा उद्योग आहे. जस्त, तांबे, शिसे हे धातू निसर्गात मुख्यतः सल्फाइड रूपात सापडतात. जस्ताच्या कारखान्यात खनिजाची पूड साधारण ९५० अंशांवर हवेच्या झोतात भाजतात. एकदा भट्टी पेटली की वेगळे इंधन लागत नाही, गंधकाच्या ज्वलनाची उष्णताच पुरते. यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड दाट असतो, त्यामुळे त्याचे गंधकाम्ल करून विकता येते. राजस्थानात उदयपूरजवळच्या देबारी येथे जस्ताबरोबर गंधकाम्लही तयार होत आले ते यामुळेच. साखर कारखान्यांत तर उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी मुद्दाम गंधक जाळून हाच वायू बनवतात. वायू तोच, पण तिथे तो कामाचा माल असतो.

वीज केंद्राच्या धुरात तो इतका विरळ असतो की त्यातून फायदेशीर आम्ल बनवणे जमत नाही. म्हणून तो पकडणे हा निव्वळ खर्च ठरतो, आणि खर्च टाळण्याचा जुना मार्ग म्हणजे चिमणी उंच करणे.

या मार्गाचा इतिहास जगाने पाहिला आहे. कॅनडातील सडबरी येथे निकेल आणि तांब्याचे सल्फाइड खनिज सुरुवातीला उघड्यावर लाकडांच्या थरावर रचून महिनोन्‌महिने जाळत असत. त्या धुराने परिसरातील झाडोरा संपला, खडक काळे पडले. पुढे १९७२ मध्ये तिथे ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. गावची हवा सुधारली, पण वायू शेकडो किलोमीटर दूर जाऊ लागला. शेवटी वायू पकडण्याची यंत्रणाच बसवावी लागली आणि २०२० मध्ये ती चिमणी वापरातून काढण्यात आली. ब्रिटन आणि युरोपातील वीज केंद्रांच्या उंच चिमण्यांचा धूर नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांवर आम्लवर्षा होऊन कोसळला. त्या भांडणातून १९७९ मध्ये सीमापार वायुप्रदूषणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. उंच चिमणीने जवळच्या माणसाचा त्रास कमी होतो हे खरे. गंधकाचे एकूण वजन मात्र तेवढेच राहते.

निर्णय आणि त्यामागची कारणे

भारतात वीज केंद्रांसाठी या वायूची मर्यादा पहिल्यांदा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली. ५०० मेगावॉटपेक्षा लहान जुन्या संचांना एक घनमीटर धुरात ६०० मिलिग्रॅम, मोठ्यांना २०० आणि २०१७ नंतरच्या संचांना १०० मिलिग्रॅम. दोन वर्षांत हे पाळायचे होते. मुदत वाढत वाढत २०२७ ते २०२९ पर्यंत गेली आणि आता बहुतेकांसाठी मर्यादाच उरली नाही. नव्या नियमानुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘अ’ वर्गात येतात, त्यांना मर्यादा पाळावी लागेल. गंभीर प्रदूषित क्षेत्रे किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांजवळची केंद्रे ‘ब’ वर्गात, त्यांचा निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून होईल. चंद्रपूर अशा प्रदूषित क्षेत्रांत मोडते. उरलेली सगळी ‘क’ वर्गात. या व्याख्येनुसार परळीची जागा ‘क’ वर्गात येते.

सरकारने मांडलेली कारणे पोकळ नाहीत. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का असतो. बहुतेक ठिकाणी हवेतील सल्फर डायऑक्साइड राष्ट्रीय मर्यादेच्या, म्हणजे २४ तासांच्या सरासरीत ८० मायक्रोग्रॅमच्या, खूप खाली असतो. वायू धुण्याची यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, महाग आहे आणि तिचा भार वीजदरावर पडतो. तिला चुनखडी लागते, त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड निघतो. आयआयटी दिल्ली, नागपूरची नीरी आणि बंगळूरूची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज यांच्या अभ्यासांचा आधार त्यासाठी घेतला गेला.

यातला प्रत्येक मुद्दा आकड्यांवर घासून पाहता येतो. परळीच्या नव्या केंद्रात २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ६० लाख युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी सुमारे चार हजार टन कोळसा लागतो. त्यात अर्धा टक्का गंधक धरला तर तो २० टन होतो आणि त्यापासून ४० टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. तीन संचांचे मिळून दिवसाला १२० टन. ‘कमी गंधक’ हे टक्केवारीत खरे आहे, पण जाळल्या जाणाऱ्या कोळशाचे वजन मोठे असल्याने टनांचा आकडा लहान राहत नाही. धुरातले प्रमाणही ढोबळपणे काढता येते. एक टन कोळशातून साधारण सहा हजार घनमीटर धूर निघतो. या हिशेबाने घनमीटरमागे सोळाशे मिलिग्रॅमच्या आसपास वायू येतो. गंधक ०.३ टक्के धरला तरी आकडा हजारावर जातो. जुनी मर्यादा ६०० होती.

कार्बनच्या मुद्द्याचेही तसेच. ४० टन वायू पकडायला सुमारे ६२ टन चुनखडी लागते आणि तिच्यातून २७ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याच संचाची भट्टी दिवसाला पाच हजार टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे चुनखडीमुळे पडणारी भर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. यंत्रणा चालवायला लागणारी वीज धरून ती थोडी वाढते, इतकेच.

परळीपुरता सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. ओल्या पद्धतीच्या एफजीडीला आणखी पाणी लागते. मराठवाड्यात हा खर्च रुपयांत मोजून चालत नाही. पण वायू पकडण्याची ती एकमेव पद्धत नाही. कोरडी पूड थेट धुरात फवारण्याची पद्धत कमी वायू पकडते, मात्र पाणीही नगण्य घेते. ‘सगळे किंवा काहीच नाही’ यांच्यामध्ये अशा पायऱ्या आहेत.

फुप्फुसापर्यंतचा प्रवास

सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो. श्वासाबरोबर आत गेला की नाक-घशाच्या ओल्या अस्तरावरच त्याचा मोठा भाग अडकतो आणि जळजळ करतो. दमा असलेल्या माणसाची श्वासनलिका मात्र काही मिनिटांतच आकसू शकते. तो कष्टाचे काम करत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर वायू खोलवर जातो आणि त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूसाठी २४ तासांची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम सुचवली. ती आपल्या मर्यादेच्या निम्मी आहे.

दूरच्या गावांसाठी खरा प्रश्न वायूचा नाही, तो पुढे काय होतो याचा आहे. हवेत तासामागून तास हा वायू आणखी ऑक्सिडेशन होऊन गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनतो. ढग आणि धुक्यात ही क्रिया जलद होते. शेतातल्या खतांतून आणि गुरांच्या शेण-मूत्रातून हवेत जाणाऱ्या अमोनियाशी मिळून त्याचे अमोनियम सल्फेट तयार होते. हे कण अडीच मायक्रॉनहून लहान असतात, म्हणजे ज्यांना पीएम २.५ म्हणतात त्यांत ते मोडतात. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. दीर्घकाळ अशी हवा घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसांचे आजार वाढतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे.

‘हवेत वायू कमी सापडतो, म्हणून धोका कमी’ या युक्तिवादाची मर्यादा इथे दिसते. वायू कमी सापडतो, कारण त्याचा एक भाग कण बनून दुसऱ्या रकान्यात गेलेला असतो. या कणांत सल्फेटचा वाटा मोठा नाही, असे निर्णयाच्या बाजूचे अभ्यासक म्हणतात. तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही, असे विरोधी बाजूचे म्हणणे आहे. एवढे मात्र नक्की की देशपातळीवरचा एकूण आकडा वाढत होता. उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारित २०१७ मधील एका अभ्यासानुसार २००७ नंतरच्या दशकात चीनचे या वायूचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटले आणि भारताचे ५० टक्क्यांनी वाढले.

चकलांब्यासारख्या गावात चूल, जाळलेला पाला-पाचोळा आणि रस्त्याची धूळ हे हवा बिघडवणारे जवळचे स्रोत आहेत आणि त्यांचा त्रास थेट आहे. हिवाळ्यात मराठवाड्यावर पूर्व आणि ईशान्येकडून वारे येतात, तेव्हा दूरच्या चिमण्यांचे कण या स्थानिक धुरात मिसळण्याची शक्यता असते. त्यातला किती भाग कुठून आला हे सांगायला मोजणी लागते, आणि हवा मोजणारी केंद्रे मुख्यतः शहरांत आहेत.

आता काय मागायचे?

निर्णय झाला म्हणून विषय संपत नाही. मोठ्या वीज केंद्रांच्या चिमण्यांवर सतत मोजणी करणारी यंत्रे असतात. त्यांचे रोजचे आकडे मराठीत, जिल्ह्यातल्या कोणालाही पाहता येतील असे प्रसिद्ध करायला फार पैसा लागत नाही. आलेल्या कोळशात गंधक किती होता, हेही त्यासोबत सांगता येते. ग्रामीण भागात निदान काही ठिकाणी पीएम २.५ मोजून त्यातले सल्फेट वेगळे काढले, तर दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांचा वाद अंदाजावर राहणार नाही. ही मोजणी ‘क’ वर्गातील केंद्रांभोवतीच व्हायला हवी, कारण सूट त्यांनाच मिळाली आहे.

आणखी एक बाजू शेतीची आहे. एफजीडीत पकडलेल्या गंधकाचा जिप्सम होतो, एक टन वायूमागे जवळपास पावणेतीन टन. जिप्सम सिमेंटला चालतो. शुद्धता तपासून घेतली तर चोपण जमीन सुधारायला आणि भुईमुगासारख्या तेलबियांना गंधक द्यायलाही तो उपयोगी पडतो. आज देश गंधक मोठ्या प्रमाणावर आयात करतो, शेतकरी गंधकाच्या पिशव्या विकत घेतो, आणि त्याच वेळी कोळशातला गंधक चिमणीवाटे आकाशात जातो. यंत्रणेच्या खर्चाचा हिशेब मांडताना हा रकानाही त्यात हवा.

भट्टीत पायराइटचा दाणा जळून संपतो, त्यातला गंधक संपत नाही. तो राखेत, पाण्यात, जिप्सममध्ये किंवा हवेत कुठेतरी असतोच. वीज केंद्राने तो पकडण्याचा खर्च टाळला तर तो खर्च नाहीसा होत नाही. तो औषधांच्या दुकानात आणि दवाखान्याच्या रांगेत, वीजबिलावर न दिसणाऱ्या रूपात भरला जातो. तो कोण आणि किती भरते, हे निदान मोजले तरी जावे.